दोन फूट मोजायला टेप घेऊन: ग्वाल्हेरच्या छोट्या लाईनची बंद स्टेशनं कशी बघाल

पुण्यामुंबईकडचे पाहुणे आले की आमच्या घरी फेरी ठरलेली असते. किल्ला, सासबहूचं देऊळ, तानसेनची कबर, जयविलास राजवाडा, आणि दिवस मावळला की महाराज बाड्याच्या चौकात भटकंती. मागच्या फेब्रुवारीत आत्येभावाचा मुलगा आला, तो मात्र दारात चपला काढतानाच म्हणाला, "काका, किल्ला राहू दे. तुमची ती छोटी गाडी बंद पडली ना, तिची स्टेशनं बघायची आहेत." मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मलो, इथेच वाढलो. पण बंद पडलेलं स्टेशन बघायला जाणं हाही कार्यक्रम असू शकतो, हे मला साठी जवळ आल्यावर कळलं. दोन दिवस फिरलो. एकदा सपशेल चुकलो, एकदा पायात काटा मोडून घेतला. नंतर ओळखीतल्या तिघाचौघांनी "कसं जायचं?" म्हणून विचारलं, तेव्हा ज्यांनी असलं काही पूर्वी केलेलं नाही त्यांच्यासाठी एकदाच लिहून काढतो.

निघण्यापूर्वी

छोटी लाईन म्हणजे ग्वाल्हेर ते श्योपुर कलां. लांबी जवळजवळ २०० किलोमीटर आणि दोन रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. नेरळहून माथेरानला गेला असाल तर याच मापाच्या गाडीत बसला आहात. ती वीसएक किलोमीटरमध्ये डोंगर चढून मोकळी होते. आमची मात्र दिवसभर चालायची. सकाळी ग्वाल्हेर सोडलं की श्योपुर यायला संध्याकाळ व्हायची. आत जागा नसली की लोक टपावर बसायचे, आणि टपावर बसणं हा तिथे गुन्हा कमी आणि रिवाज जास्त होता.

हा सगळा उद्योग माधवराव शिंदे (दुसरे) यांचा. महाराजांना इंजिनाचं वेड होतं. भिंड आणि शिवपुरीकडच्या फाट्यांवर १८९९ मध्ये गाड्या धावू लागल्या. तिसरा फाटा, म्हणजे आपल्याला बघायचा तो, १९०४ मध्ये सबलगढपर्यंत गेला, १९०८ मध्ये बीरपुरला आणि १९०९ मध्ये श्योपुरला टेकला. भिंड आणि शिवपुरीला आता मोठी लाईन आहे, तिथली छोटी केव्हाच गेली. श्योपुरची मात्र टिकून होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशभरातल्या गाड्या थांबल्या. बाकीच्या पुन्हा सुरू झाल्या, ही झाली नाही. तिच्या जागी मोठ्या लाईनचं काम लागलं.

त्यामुळे आज बघण्यासारखं काय आहे, याचे तीन वेगळे भाग पडतात. शहरातल्या स्टेशनांना नवी लाईन शिवतच नाही, म्हणून ती नुसतीच मागे पडली आहेत. बामोर गाव, सुमावली, जौरा, कैलारस या पट्ट्यात मोठ्या लाईनची नवी स्टेशनं झाली आहेत आणि जुन्याच्या खुणा त्यांच्या आसपास शोधाव्या लागतात. कैलारसच्या पुढे श्योपुरकडे काम चालू आहे, म्हणजे आज दिसलेलं पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिला दिवस शहराला आणि दुसरा कैलारसच्या बाजूला द्यावा. श्योपुरपर्यंतचा हट्ट पहिल्याच खेपेला नको.

टेप घ्या

पाणी, टोपी, टॉर्च हे कुणीही सांगेल. मी सांगतो ते म्हणजे तीन मीटरची टेप, भांडी घासायचा जुना ब्रश आणि शाळेतला पांढरा खडू.

टेप कशाला? तर बंद लाईनवर डोळे फसतात. मोठ्या लाईनचं माप १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. आपण तेच बघत वाढलो, त्यामुळे दोन फुटांची जागा समोर असूनही ही रेल्वेची वाटच वाटत नाही, गटार किंवा पायवाट वाटते. रूळ असतील तर दोन्ही रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. रूळ उपटलेले असतील आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, उरला असेल तर खिळ्यांच्या भोकांवरून अंदाज घ्या. हात अंतरावर दोन काळ्या रेघा डांबरात दिसल्या तर तेही मोजून बघा. फाटकाच्या जागचे रूळ बहुधा सगळ्यात शेवटी निघतात, कारण ते काढायचे म्हणजे रस्ता फोडावा लागतो.

खडू रुळासाठी. रुळाची कंबर असते, म्हणजे डोकं आणि पाय यांच्या मधली चपटी उभी बाजू, तिच्यावर कारखान्यातच अक्षरं उठवलेली असतात: बनवणाऱ्याचं नाव, वजनाचा प्रकार, साल. गंजाखाली ती सहसा दिसत नाहीत. ब्रशने झाडा, खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ रुळाला चिकटवून मारा. अक्षरं वर येतात. आम्ही हा प्रयोग पहिल्यांदा एका गोठ्याच्या खांबावर केला. जुने रूळ लिलावात निघाले की कुंपणाचे खांब, पत्र्याखालच्या तुळया, विजेचे पोल असे गावोगाव पांगतात, आणि ते बघायला रेल्वेच्या हद्दीत जावं लागत नाही. त्या खांबावर "टाटा" स्वच्छ उमटलं. पुढचे आकडे म्हशींनी अंग घासून गुळगुळीत केले होते.

पहिला दिवस: आधी जयविलास

बंद स्टेशन बघायचं तर राजवाड्यात कशाला, असं पोरगं म्हणालं. मी ऐकलं नाही, तुम्हीही ऐकू नका. १८७४ मध्ये बांधलेल्या जयविलासच्या जेवणघरात लांबलचक टेबलावर चांदीची गाडी आहे. रुळांवरून फिरत ती पाहुण्यांपुढे मद्याची पात्रं आणि सिगार न्यायची. शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं एकेका डब्यावर एक अशी आहेत. पात्र उचललं की गाडी थांबे, परत ठेवलं की पुढे चाले. ती बघून मग बाहेरची वाट बघा, म्हणजे एकाच माणसाने एक गाडी टेबलावर आणि दुसरी चंबळच्या घळींच्या कडेने चालवली हे डोक्यात बसतं. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आणि वेळा निघण्यापूर्वी बघून घ्या.

तिथून स्टेशनवर. ग्वाल्हेर जंक्शनचं रूप सध्या बदलतं आहे, नव्या इमारतीचं काम आहे, त्यामुळे छोट्या गाडीच्या जागेकडे जाता येईल की पत्रे लावलेले असतील हे त्या दिवसावर. १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं, आणि ड्युटीवरच्या माणसाला सरळ विचारा: "छोटी लाइन का स्टेशन किधर था?" या प्रश्नाने आमच्यासाठी जितकी दारं उघडली तितकी कुठल्याही ओळखपत्राने उघडली नसती. वयस्क हमाल असेल तर उत्तम.

पुढे घोसीपुरा. छोट्या लाईनवर ग्वाल्हेर सोडल्यावर पहिलं स्टेशन हे, त्यानंतर मोतीझील. ई-रिक्षावाल्याला "घोसीपुरा रेलवे स्टेशन" सांगा. तरुण असेल तर तो मोठ्या स्टेशनकडे तोंड वळवेल, म्हणून "छोटी रेल वाला" हे शेपूट जोडा. इथे वस्ती अगदी रुळाला लागून आहे. गाडी चालू होती तेव्हासुद्धा तिच्यात आणि घरांच्या ओट्यांत फार अंतर नव्हतं. आता तर ती जागा अंगण, वाळवण, गाड्या उभ्या करायची सोय असं सगळं झाली आहे. म्हणून ही वाट चालताना आपण कुणाच्या दारातून चाललो आहोत हे धरूनच चाला. कॅमेरा गळ्यात, पण हातात नाही. आधी नमस्कार, मग प्रश्न, फोटो त्याच्याही नंतर.

दोन कायदे

नवखे इथे गाफील राहतात. रूळ गंजले म्हणून जागा बेवारस होत नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिथे काम चालू आहे, कुंपण आहे, पाटी आहे, तिथे आत जायचं नाही. रस्त्यावरून, फाटकावरून, लोकांच्या रोजच्या वहिवाटीवरून जितकं दिसतं तितकं पहिल्या खेपेला पुष्कळ होतं.

दुसरं याहून कडक. "आठवण म्हणून एक खिळा" हा मोह प्रत्येकाला होतो. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. खिळा गंजलेला होता हे उत्तर चालत नाही. आमच्या पोराने एक उचलून खिशात टाकला होता. मी तो जिथला तिथे ठेवायला लावला, आणि तासभर तो माझ्याशी बोलला नाही.

नकाशा, आणि मी कसा चुकलो

बाहेरच्या पट्ट्यात जाण्याआधी घरी बसून दोन कामं करा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर भूपत्रकं उतरवून घेता येतात, त्यातली या भागाची घ्या. आणि संगणकावर गूगल अर्थमध्ये जुन्या सालांची उपग्रहचित्रं बघायची सोय आहे. काटा २०१८ च्या आसपास नेऊन ठेवा. लाईन जिवंत असतानाची रेघ दिसेल. तिच्यावर फाटकं, पूल, स्टेशनं यांच्या खुणा स्वतः टाका आणि मग आजच्या चित्रावर तेच बिंदू बघा.

हे सगळं करूनही आम्ही कैलारसच्या पुढे चुकलो, आणि चूक माझी. शेतांमधून एक उंच, लांब, सारखा भराव जाताना दिसला आणि मी छातीठोकपणे म्हणालो, "हीच." तीनेक किलोमीटर चाललो. पोरगं टेप घेऊन पुढे, मी मागून इतिहास सांगतोय. मग एक म्हातारे शेतकरी भेटले. म्हणाले, "बाबूजी, ये तो नहर है." चंबळचा कालवा या सगळ्या मुलखातून जातो, उन्हाळ्याच्या तोंडाला फाट्यात पाणी नव्हतं, आणि आम्ही त्याच्या काठावरून रेल्वे शोधत होतो.

तेव्हापासून ही खूण पाठ आहे: कालव्याला दोन काठ असतात आणि मध्ये खोलगट पात्र, रेल्वेचा भराव एकच, वरून सपाट. कालवा जमिनीच्या उताराशी जुळवून घेत नागमोडी जातो, रेल्वेचं वळण लांब आणि सारख्या गोलाईचं असतं, ते मध्येच मोडत नाही. भरावाखाली ठरावीक अंतराने दगडी मोऱ्या, म्हणजे पाणी जायच्या वाटा, असतात. आणि दोन फुटी लाईनचा भराव अरुंद, एक बैलगाडी जाईल इतपतच. शंका आली तर मोरी शोधा. मोरी खोटं बोलत नाही.

आता पायात मोडलेल्या काट्याचं. या भरावांवर वेड्या बाभळीचं रान माजलं आहे. तिचा वाळलेला काटा रबरी तळव्यातून आरपार येतो. जाड तळाचे बूट, पूर्ण पँट. पावसाळ्यानंतर गवतात काही दिसत नाही आणि साप असतात. मे-जूनमध्ये सगळं उघडं दिसतं पण पारा ४५ च्या पुढे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचे शेवटचे पंधरा दिवस. गहू हिरवा असतो, गवत वाळलेलं असतं आणि मुरैनाची गजक, म्हणजे तिळाची मिठाई, हीही अजून संपलेली नसते.

दुसरा दिवस: मेमूने

ग्वाल्हेरहून सुमावली-जौरा-कैलारसकडे आता मोठ्या लाईनची मेमू, म्हणजे विजेवरची लोकलसारखी गाडी, जाते. फेऱ्या मोजक्याच आहेत, म्हणून जाण्याआधी परतीची वेळ बघा, जाण्याची नंतर. खिडकीत बसून डोळे उघडे ठेवलेत तर जुन्याच्या खुणा दिसतात: कुठे मधूनच उगवलेला आखूड दगडी पूल, कुठे शेताच्या बांधाला मिळालेला भराव. उतरून मग पायी किंवा रिक्षाने. अंधार पडण्याच्या आत गावात परत या, एकट्याने जाऊ नका, आणि घळींच्या बाजूला वाट सोडून उतरू नका. तिथे भीती दरोडेखोरांची नाही, वाट चुकण्याची आहे.

आम्ही एका लहान स्टेशनाशी बराच वेळ थांबलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेजारीच एक कुटुंब राहतं आणि त्यांच्या दारात गर्दी नको. रस्त्याच्या कडेलाच होतं, कुंपण नव्हतं. बंद स्टेशनात काय बघायचं याचा धडा मला तिथे मिळाला.

पहिल्यांदा दिसतं ते काहीच नाही. एक खोली, एक पडवी, छप्पर अर्धं. नवखा माणूस दोन फोटो काढून निघतो. निघू नका, बसा. फलाट शोधा: छोट्या लाईनचा फलाट उंच नसतो, जमिनीला लागूनच, कडेला एक दगडी ओळ, तेवढ्यावरून गाडी कुठे उभी राहायची ते कळतं. मग तिकिटाची खिडकी. तिची खालची फळी शाबूत होती आणि मधोमध तिला खोलगा पडला होता, ओंजळीएवढा. नाणी सरकवून आणि तिकिटं उचलून पडलेला. पोराने त्यात बोटं फिरवली आणि पहिल्यांदाच गप्प झाला. खिडकी खूप खाली वाटली, तर मास्तर आत बसून तिकीट द्यायचा हे लक्षात घ्या. भिंतीवर चुन्याच्या थरांखाली अक्षरं असतात, ती खरवडू नका, तिरप्या उन्हात आपोआप दिसतात. आणि पडवीच्या तुळईकडे बघा. तिथे एक लोखंडी आकडा होता, आतल्या बाजूने घासून चकचकीत झालेला. कसला, ते आम्हाला कळेना. कंदील? तराजू?

माणसं

आम्ही तिथे टेप काढली आणि दोन मिनिटांत चार जण जमले. "नापने आए हो?" या भागात नव्या लाईनसाठी जमिनी गेल्या आहेत, टेप घेऊन येणारा माणूस म्हणजे मोजणीवाला, आणि मोजणीवाला म्हणजे पैसे कमी सांगणारा, असा लोकांचा अनुभव. त्यांचं काही चुकत नाही. म्हणून टेप खिशात ठेवा, आधी आपण कोण ते सांगा. "लश्कर से आए हैं, छोटी रेल में बैठते थे" एवढं म्हटलं की चेहरे सैल होतात. मग टेप तेच हातात घेतात. एका आजींनी तर ती बघितलीसुद्धा नाही, दोन्ही तळहात समोरासमोर धरून म्हणाल्या, "इत्ती सी थी." पोराने हळूच मोजलं. दोन फुटांना बोटभर कमी.

आकड्याचं कोडंही त्यांनीच सोडवलं. तिथे रुळाचा तुकडा टांगलेला असायचा. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की हातोडीने तो वाजवायचे, आणि शेतातली माणसं ते ऐकून निघायची.

परतीच्या मेमूला दीड तास होता. गावाबाहेरच्या शाळेच्या ओट्यावर सावलीत बसलो. आतून कविता म्हणायचा आवाज येत होता. वर बघितलं तर कडुनिंबाच्या फांदीला साखळीने काहीतरी टांगलेलं: हातभर लांब, गंजलेलं, मधे कंबर असलेलं. पोराने माझ्याकडे बघितलं. खडू तर आमचा संपला होता. मी आत डोकावून शिपायाकडे एक मागितला आणि कशाला हवा तेही सांगितलं. त्याने खडू दिला, घड्याळ बघितलं, हातोडी उचलली आणि म्हणाला, "पहले छुट्टी की घंटी बजा लूँ, फिर देख लेना."